माझी डावी मूठ

गेल्या आठवड्यात एका अनोळखी बाईंचा फोन आला. कुणाकडून तरी त्यांना माझा नंबर मिळाला होता. त्यांच्या नवऱ्याला माझाच आजार झाला होता, तो अतिदक्षता विभागात होता, आणि त्यांना एवढंच विचारायचं होतं की आत पडलेल्या माणसाला काय वाटत असतं. मी म्हटलं, लिहून पाठवते. बोलायला लागले की मला रडू येतं आणि रडणाऱ्या बाईचं कुणी खरं धरत नाही. म्हणून हे लिहिते आहे, मोबाइलवर, उजव्या हाताच्या एका बोटानं. चुका झाल्या तर बोटाला बोल लावा.

आधीच सांगते, यात धीर देणारं फारसं काही नाही. धीर देणारी माणसं तुम्हाला भरपूर भेटतील, दारात रांग लावतील. मी पूर्ण बरी झालेली नाही आणि होईन की नाही हे मला कुणी सांगत नाही.

अर्धी भाकरी

मी सुवर्णा. जुळे सोलापूरला आमचं घर, गावात नवऱ्याचं भांड्यांचं दुकान, दुपारी गल्ल्यावर मी. घरात सासूबाई आहेत, त्यांना आम्ही सगळे अव्वा म्हणतो. मुलगी अश्विनी पुण्याला नोकरीला. आमच्याकडे भांडण मराठीत होतं आणि लाड कन्नडमध्ये. मी दोन्हीत बोलते आणि जरा जास्तच बोलते. गिऱ्हाईक पातेलं घ्यायला येतं आणि हिचं बोलणं ऐकून परात पण घेऊन जातं, असं हे म्हणायचे.

आधी पोट बिघडलं, ते बरं झालं. मग पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. चप्पल घट्ट होत असेल म्हणून मी नवी घेतली. दोन दिवसांनी मुंग्या गुडघ्यापर्यंत आल्या तेव्हा नव्या चपलेलाही शिव्या घालून झाल्या. त्या सकाळी भाकरीला बसले. पीठ मळलं, गोळा केला, आणि थापायला हात उचलला तर हात वर येईना. परातीत पिठावर पडून राहिला. मी त्याच्याकडे बघत बसले. अव्वा म्हणाल्या, 'जोर लाव की गं.' मला हसू आलं. जोर कुठून लावायचा असतो हेच मला आठवेना. अर्धवट थापलेली भाकरी परातीत सोडून मी उठायला गेले आणि उठता आलं नाही.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी आजाराचं एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. ह्यांनी ते दोनदा विचारून घेतलं, तरी बाहेर येऊन अश्विनीला फोनवर भलतंच सांगितलं. मला समजलं ते एवढंच: रोगाशी लढायला शरीरात जी फौज असते ती चुकून माझ्याच नसांवर उलटली होती. मी डॉक्टरांना म्हटलं, म्हणजे भावकीतलं भांडण. ते हसले आणि म्हणाले, बरोबर, बाहेरचा शत्रू परवडला. मग हसणं थांबवून त्यांनी सांगितलं की हे अजून वर चढेल, छातीपर्यंत गेलं तर श्वासाचं यंत्र लावावं लागेल, बहुतेक माणसं यातून उठतात, काही उठत नाहीत, किती दिवस लागतील ते सांगता येत नाही. ह्यांनी फक्त 'बहुतेक माणसं उठतात' एवढंच ऐकलं. मी फक्त 'काही उठत नाहीत' एवढंच ऐकलं. एकाच वाक्याचे आम्ही नवरा-बायकोनं दोन तुकडे करून घेतले आणि आपापला तुकडा घेऊन बसलो.

शर्टाच्या खिशातला देव

आम्ही लिंगायत. आमच्यात जन्मल्यावरच स्वामी येऊन बाळाला लिंग बांधतात. चांदीच्या छोट्या डबीत असतं, दोऱ्यात ओवून गळ्यात घालायचं आणि मरेपर्यंत अंगावरून काढायचं नाही. रोज अंघोळीनंतर ते डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, विभूती लावायची, बेल वाहायचा, थोडा वेळ बघत बसायचं आणि परत डबीत ठेवायचं. ज्याचं लिंग त्यानंच पुजायचं. दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही.

मी काही फार मोठी भक्त नाही. माझी पूजा म्हणजे कुकरच्या दोन शिट्यांच्या मधली. हातावर लिंग आणि डोक्यात दुधाचा हिशेब. अव्वा मागून म्हणायच्या, 'देवाकडं बघ, गॅसकडं नको.' पण चुकवली कधी नाही. बाळंतपणात, तापात, बसमध्येसुद्धा नाही.

तपासणीच्या मशीनमध्ये नेताना सिस्टर म्हणाली, अंगावरचं धातूचं सगळं काढा. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी निघाली. लिंगाला ह्यांचा हात थांबला. सिस्टरची घाई चालली होती. शेवटी ह्यांनी डबी काढली, रुमालात गुंडाळली आणि शर्टाच्या खिशात ठेवली, पेनाच्या शेजारी. तपासणी झाल्यावर परत घालू, म्हणाले. पण तपासणीहून मला थेट आत नेलं. आत गळ्याशी नळ्या आल्या आणि दोरा घालायला जागाच राहिली नाही.

पुढे कितीतरी जणांनी विचारलं, अशा वेळी देव कुठं असतो. माझा कुठं होता ते मला पक्कं ठाऊक होतं. ह्यांच्या खिशात.

ऐकू येतंय

हा भाग फोनवाल्या बाईंसाठी. आत पडलेल्या माणसाला सगळं ऐकू येतं. माझे हात गेले, पाय गेले, मग मान, मग श्वास आणि नळी बसल्यावर आवाज. राहिले डोळे आणि कान. अंग खाजलं तर सांगता येत नाही. चादरीची घडी पाठीखाली रुतली तर ती पाळी बदलेपर्यंत रुतत राहते. कूस बदलायला दोन माणसं लागायची आणि ती आपसात पगारवाढीबद्दल बोलत मला वळवायची. वाईट नव्हती. पण मी तेव्हा त्यांच्यासाठी एक पोतं होते आणि पोत्याला विचारून कोण वळवतं.

डॉक्टर रोज सकाळी येऊन म्हणायचे, 'बोट हलवा बघू. थोडं हलवा. अजून.' मी सगळा जीव बोटात ओतायचे. ते बोटाकडे बघायचे, मी त्यांच्या तोंडाकडे. मग ते 'छान' म्हणायचे आणि पुढच्या खाटेकडे जायचे. काहीही हललेलं नसायचं.

अश्विनीनं खूण ठरवली होती. एकदा पापणी मिटली तर हो, दोनदा मिटली तर नाही. खूण चांगली होती, पण तिचा उपयोग प्रश्न विचारणाऱ्यावर अवलंबून असतो. माणसं विचारायची, 'बरं वाटतंय ना?' दोनदा पापणी मिटली की म्हणायची, 'वाटेल, वाटेल.' कुणी विचारलं नाही, 'पाठीखाली काही रुततंय का?' तुम्ही विचारा. 'भीती वाटते का' हेसुद्धा विचारा. उत्तर ऐकायची तयारी असेल तरच.

भेटीच्या वेळी एकेक जण आत यायचा. एकीनं देवीचा अंगारा लावला. शेजारच्या खालांनी दुआ फुंकलेलं पाणी आणलं होतं, ते त्यांनी डोळ्यांना लावलं. ह्यांच्या आतेभावानं डोक्याशी उभं राहून हळू आवाजात सांगितलं की मागल्या जन्मीचं काही राहिलं असलं की असं होतं. निरोगी असते तर त्याला या जन्मीचंच सुनावलं असतं. अंगारा, दुआ, मागला जन्म, सगळं घेतलं. नाही म्हणायला तोंड लागतं.

माझ्या शेजारच्या खाटेवर केम गावचे एक शेतकरी होते, ट्रॅक्टरवरून पडलेले. शुद्धीवर नव्हते. त्यांची बायको भेटीच्या वेळी यायची, थोडा वेळ त्यांच्याशी बोलायची, मग दोन पावलं सरकून माझ्यापाशी उभी राहायची. 'तुमाला ऐकू येतंय की,' ती म्हणायची. 'आमच्या मालकास्नी काय बी कळंना. मग म्हटलं तुमास्नीच सांगावं.' आणि सांगायची. कांदा काढायला आलाय, गाय व्यायची हाय, जाऊ नीट बघतीया का न्हाय कुणास ठाऊक. तिनं मला बरं वाटतंय का असं कधी विचारलं नाही. मी गाईची वाट बघायला लागले होते. एक दिवस ती खाट धुतलेल्या चादरीसकट रिकामी दिसली. माणूस वरच्या वॉर्डात गेला, गावी गेला की गेलाच, मला कुणी सांगितलं नाही आणि मला विचारता आलं नाही. गाय व्याली का तेही अजून माहीत नाही.

मूठ

लिंग अंगावर नाही हे अव्वांना सोसत नव्हतं. लिंग नसलेलं शरीर त्यांच्या लेखी उघडं. ह्यांच्या खिशातून ते घरी देव्हाऱ्यात गेलं होतं, पण पूजा कशी करायची? ते माझं. त्या हात लावणार नाहीत आणि माझा हात उठणार नाही. शेवटी अव्वांनी आपल्या मनानं वाट काढली. सिस्टरच्या हातापाया पडून, दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढून त्या आत आल्या. कपाळाला विभूती लावली. डबी उघडली, हात न लावता ती कलती करून लिंग माझ्या डाव्या तळहातावर ठेवलं. बोटं सरळ पडली होती, लिंग घरंगळायला लागलं. मग अव्वांनी माझं एकेक बोट धरून मिटवलं, आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं. मूठ सुटू नये म्हणून वर रुमालाची पट्टी बांधली.

आमच्यात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात. पुरताना त्याचं लिंग त्याच्या डाव्या हातात देतात आणि मूठ मिटवतात. मामंजी, म्हणजे ह्यांचे अप्पा, गेले तेव्हा त्यांना भिंतीला टेकवून बसवलं होतं. बोटं मिटत नव्हती. ह्यांनी एकेक बोट वाकवलं आणि वर पट्टी बांधली. मी समोर उभी राहून बघितलं होतं. कपाळाला अशीच विभूती होती.

मला वाटलं, डॉक्टरांनी ह्यांना सांगून टाकलं असणार. आपल्याला सांगायचं नाही असं ठरलं असणार. अव्वा निरोप द्यायला आल्या आहेत आणि मी अजून आहे, हे त्यांना कळत नाही. ओरडायला आवाज नव्हता, मूठ सोडायला बोटं नव्हती. आजारपणात मला खूप वेळा भीती वाटली, पण यासारखी नाही. जिवंतपणी आपली माती होताना मी बघत होते आणि ती करणारी बाई मला लेकीसारखी जपणारी होती.

डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. अव्वांनी ते पदरानं पुसलं आणि ह्यांना बोलावलं. 'बघ, पावला. डोळ्यात पाणी आलं.' मी दोनदा पापणी मिटली, पुन्हा दोनदा. अव्वांना त्यांचं स्वतःचं रडू आवरत नव्हतं. बाहेर जाऊन त्यांनी सगळ्यांना सांगितलं की सुवर्णाला लिंग हातात दिल्यावर किती बरं वाटलं. आता रोज देणार.

आणि त्या रोज आल्या. घड्याळ मला दिसत नसे, पण भेटीची वेळ जवळ आली की बाहेर चपलांचे आवाज वाढायचे आणि माझी छाती धडधडायची. यंत्र वाजायचं. सिस्टर येऊन काहीतरी बटण दाबायची. मग अव्वा यायच्या, विभूती, लिंग, करंगळी, शेजारचं बोट. जो देव मी कुकरच्या शिट्यांमध्ये बसवला होता त्याची मला दहशत बसली. कुणाला सांगू? इतक्या मायेनं दिलेल्या त्रासाची तक्रार धडधाकट माणसालाही करता येत नाही.

एक दिवस अव्वांचे गुडघे धरले म्हणून हे एकटे आले. त्यांना सगळं सांगून पाठवलेलं होतं. त्यांनी लिंग ठेवलं, करंगळी मिटवली, शेजारचं बोट मिटवलं आणि मधल्या बोटाशी थांबले. हे फार बोलणारे नाहीत, पण भांड्याच्या धंद्यात आयुष्य गेलं, हाताला कळतं. त्यांच्या हातांना आठवलं असणार. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

'सुवर्णा, तुला याची भीती वाटते का?'

इतक्या दिवसांत कुणीतरी नीट प्रश्न विचारला होता. मी एकदा पापणी मिटली.

'अप्पांसारखं वाटतं?'

मी पुन्हा एकदा मिटली आणि उघडलीच नाही. त्यांनी मिटवलेली बोटं परत एकेक करून सरळ केली. लिंग डबीत घातलं, डबी खिशात ठेवली. 'तू जायची नाहीस गं,' म्हणाले. 'तसं कुणी सांगितलेलं नाही. आम्हाला कळलंच नाही.' मग बाहेर गेले. दाराच्या काचेतून मला ते भिंतीला कपाळ टेकवून उभे दिसले. मला त्यांना जवळ घ्यायचं होतं. मी छताकडे बघत पडून राहिले.

घर

त्यांनी अव्वांना घरी जाऊन सांगितलं. नसतं सांगितलं तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं. अव्वा त्या दिवशी जेवल्या नाहीत. 'मी माझ्या हातानं जित्या सुनेची माती केली,' एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा हॉस्पिटलला आल्या नाहीत. ह्यांनी समजावलं, अश्विनीनं समजावलं. ज्यानं समजवायला हवं तोच आत पडलेला असतो, हा या आजाराचा आणखी एक खेळ.

श्वास परत आला, आवाज आला, तोही घोगरा. बसायला लागले. मग घरी आणलं. उजवा हात बराच परत आला, पाय काठीपुरते आले. डावा हात खांद्यातून हलतो, पण बोटं नाहीत. व्यायामाच्या बाई रोज येतात. 'हलवा, अजून हलवा, मनात आणा.' हे येता-जाता म्हणतात, 'थोडं हलव बघू.' अश्विनी फोनवर पहिल्यांदा तेच विचारते. मनात आणून हलत असतं तर मी एव्हाना रानातून कांदा काढून आले असते. डॉक्टर म्हणतात, वाट बघा. जे यायचं ते बहुतेक आलेलं आहे, हे त्यांच्या तोंडावर दिसतं.

घरी आल्यावर लिंग गळ्यात आलं, पण पूजा नाही. डबी उघडायची माझी हिंमत होत नव्हती. आणि अव्वा माझ्या डाव्या हाताला हात लावत नव्हत्या. भरवायच्या, वेणी घालायच्या, पाठ चोळायच्या. कडक भाकरी दुधात मऊ करून द्यायच्या, वर चमचाभर शेंगाची चटणी, डॉक्टरांच्या नकळत. पण डाव्या बाजूला येऊन बसायच्या नाहीत. तो हात म्हणजे आमच्या दोघींच्या मधली एक गोष्ट झाला होता, जिच्याबद्दल कुणी बोलायचं नाही.

माझी श्रद्धा वाढली की कमी झाली, असं बायका विचारतात. मला ठाऊक नाही. एवढं खरं की सकाळी तळहातावर ते इवलंसं वजन पडत नव्हतं, तर दिवस सुरू झाला असं वाटत नव्हतं. त्याला श्रद्धा म्हणायचं तर म्हणा. त्याच वजनाला मी घाबरत होते, हेही तितकंच खरं. अव्वांचंही वय झालंय. हा हात असाच पडून राहिला आणि त्या गेल्या, तर ती गोष्ट आमच्या मधेच राहणार होती. याची मला आजारापेक्षा जास्त चिंता लागली होती.

परवा सकाळी अंघोळ घालून मला खुर्चीत बसवलं. मी उजव्या हातानं डबी उघडली. बराच वेळ लागला. डावा हात मांडीवर उताणा ठेवला आणि त्यावर लिंग ठेवलं. हात जरा कलता राहतो, लिंग घरंगळून मांडीत पडलं. परत ठेवलं. परत पडलं. अव्वा स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. आत जात नव्हत्या, बाहेर येत नव्हत्या.

'अव्वा, खाली हात धरा,' मी म्हटलं. 'बोटं मिटवू नका. नुसता खालून धरा.'

'ज्याचं त्यानं करायचं असतं,' त्या म्हणाल्या.

'ते धडधाकट माणसांसाठी.'

त्या बऱ्याच वेळानं आल्या. डाव्या बाजूला, जमिनीवर, ते गुडघे वाकवून बसल्या. पदराला हात पुसले. मग माझ्या हाताखाली आपला हात सरकवला, उघडा, तळहात वर. माझा हात सपाट झाला. मी लिंग ठेवलं, ते राहिलं. पळीनं पाणी घातलं. ते माझ्या बोटांमधून निथळून त्यांच्या हातात गेलं. विभूती लावली, ती अर्धी सांडली. दोन्ही हात थरथरत होते, माझा आजारानं आणि त्यांचा वयानं, आणि वर ते लिंग पाण्यात हेलकावत होतं. पडेल म्हणून मी श्वास धरला.

'अल्लाडब्याड,' अव्वा कन्नडमध्ये म्हणाल्या. हलू नकोस.